शेवटचाच शब्द का सापडत नाही?

अगं, आधी जरा शांत हो. रिव्ह्यूमध्ये कुणी 'मराठीत सर्च चालत नाही' एवढं एकच वाक्य लिहून मोकळं झालं, तर ते मनाला लावून घ्यायचं नाही. बंगळुरात पहिल्या वर्षी असली वाक्यं सगळ्यांच्याच वाट्याला येतात, आणि ती लिहिणाऱ्याला बऱ्याचदा देवनागरी वाचतासुद्धा येत नसते. चालत नाही म्हणजे नेमकं कुठे चालत नाही, हे त्याला सांगता येणार नाही. तुला येईल.

तू लिहिलंयस की बाकी सगळे शब्द सापडतात, फक्त ओळीच्या शेवटी असलेला शब्द सापडत नाही. पाठवलेला कोडचा तुकडा मी वाचला. शब्द शोधायला तू डब्ल्यूसीएस-स्टर वापरलं आहेस, ते बरोबर. (या सगळ्या कुटुंबाची नावं डब्ल्यूसीएसनेच सुरू होतात, दर वेळी ते उच्चारताना माझी जीभ वळत नाही. यापुढे मी नुसतं स्टर, चर, स्पॅन म्हणेन.) शब्द सापडला की त्याच्या लगेच पुढे काना, वेलांटी, उकार, हलन्त असं काही आहे का ते तू बघतेस आणि असेल तर तो सोडून देतेस. विचार चांगला आहे. त्यासाठी या सगळ्या खुणांची एक छोटी वाइड स्ट्रिंग केलीस आणि 'पुढचं चिन्ह हिच्यात आहे का' हे चरला विचारलंस. मेख तिथेच आहे. वाइड स्ट्रिंगच्या शेवटी जो शून्य असतो, तो चर स्ट्रिंगचाच भाग धरतं. सीच्या मानकातच तसं लिहिलेलं आहे: शून्य शोधायला सांगितला तर चर त्या शून्याचा पत्ता देतं, नल देत नाही. तुझा शब्द ओळीच्या टोकाला असतो तेव्हा 'पुढचं चिन्ह' हाच शून्य असतो. चर म्हणतं, आहे की माझ्याकडे! आणि तुझं फंक्शन समजतं की पुढे वेलांटी आली.

आधी शून्य तपासून मग चरकडे जा, किंवा सरळ स्पॅन वापर. सापडलेल्या शब्दानंतरच्या जागेपासून या खुणांपैकी सलग किती आहेत, एवढंच स्पॅन मोजतं. शून्यापाशी ते थांबतं आणि उत्तर शून्यच येतं. मला स्पॅनच आवडतं, कारण सहा महिन्यांनी कोणी तो शून्याचा तपास 'नको असलेली ओळ' म्हणून काढून टाकायची भीती राहत नाही.

त्याच फंक्शनमध्ये अजून एक जागा बघून ठेव. शोधायचा शब्द रिकामा असला तर स्टर नल देत नाही, मूळ स्ट्रिंगचाच पत्ता परत देतं. तू प्रत्येक वेळी शब्दाच्या लांबीइतकं पुढे सरकतेस. लांबी शून्य असली तर तू सरकतच नाहीस आणि लूप फिरत बसतो. सर्चच्या चौकटीत काही न लिहिता एंटर दाबणारे लोक जगात भरपूर आहेत, बाई.

आता थोडं मुळाशी जाऊ या. हे एकदा समजलं की पुढचं फार सोपं जाईल. वाइड कॅरॅक्टरचा प्रकार सीच्या पहिल्या मानकापासून आहे, पण चर, स्टर, स्पॅन ही मंडळी १९९५ सालच्या दुरुस्तीने मानकात आली. ही फंक्शनं एका खुणेला एक संख्या समजतात आणि संख्या जुळवतात. याहून जास्त त्यांना काही कळत नाही. जपानी-चिनी लिपीत एक खूण म्हणजे एक अक्षर हे बरंचसं निभावतं. आपल्याकडे नाही निभावत. 'बेंगळुरू' हा शब्द तुला-मला चार अक्षरांचा वाटतो. डब्ल्यूसीएस-लेनला विचार, ते आठ सांगेल: ब, मात्रा, अनुस्वार, ग, ळ, उकार, र, ऊकार. लिनक्सवर या आठांना ३२ बाइट लागतात, विंडोजवर १६, आणि यूटीएफ-८ मध्ये २४. म्हणून जागा मागताना लांबीला वाइड कॅरॅक्टरच्या आकाराने गुणायला विसरू नकोस. मात्र दोन पॉइंटरची वजाबाकी केलीस की उत्तर बाइटमध्ये नाही, खुणांमध्येच येतं, तिथे भागायला जाऊ नकोस.

तुमच्या टीममधला कोणी ना कोणी म्हणेल, वाइड कशाला, यूटीएफ-८ वर साधं एसटीआर-स्टर चालव. त्याच्याशी भांडू नकोस, कारण अर्धं त्याचं बरोबर आहे. नुसता शब्द शोधायचा असेल तर यूटीएफ-८ वर एसटीआर-स्टर अगदी नीट चालतं. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये ती पद्धत बांधतानाच अशी बांधली की एका खुणेचे बाइट दुसऱ्या खुणेच्या मधोमध जुळू शकत नाहीत. पण 'या गटातलं कुठलंही चिन्ह शोध' म्हटलंस की तिथे फजिती होते. समज, तुला अभंगांच्या फाइलमध्ये दंड शोधायचा आहे. दंडाचे बाइट तीन: ई०, ए५, ए४. साधं एसटीआर-पीब्रेक या तिघांना तीन वेगळी चिन्हं समजतं, आणि ई० तर आपल्या प्रत्येक अक्षराच्या सुरुवातीला असतो. म्हणजे ते फाइलच्या पहिल्याच अक्षरावर 'सापडला दंड' म्हणून थांबणार. वाइड पीब्रेक मात्र एक दंड, दोन दंड, प्रश्नचिन्ह, काय देशील ते खुणेला खूण ठेवून शोधतं. गट आले की वाइड, नुसता शब्द असला की यूटीएफ-८. हे माझं मत आहे. लीडचं वेगळं असेल तर त्याला दंडाचं उदाहरण चालवून दाखव.

आकड्यांचंही तसंच. 'गट क्र. १२३' यातला आकडा काढायचा तर सीस्पॅनला देवनागरी अंकांचा गट दे. पहिल्या अंकाच्या आधी किती खुणा आहेत ते कळेल. तिथून स्पॅन चालवलंस की अंक किती आहेत ते कळेल. इथे 'आयएसडब्ल्यू-डिजिट'वर विसंबू नकोस. मानकाप्रमाणे ते फक्त इंग्रजी ० ते ९ ओळखतं. देवनागरी अंक यू+०९६६ पासून ओळीने दहा आहेत. प्रत्येकातून ०९६६ वजा केलंस की संख्या तुझी.

आता जरा खुर्ची पुढे ओढ. जे सांगणार आहे ते तुला कुठल्याही सीच्या पुस्तकात सापडणार नाही.

'दऱ्या' हा शब्द घे. डोंगरदऱ्यातला. यात जो अर्धा र आहे, तो फाइलमध्ये तीन प्रकारे लिहिलेला सापडू शकतो. पहिला: ऱ (०९३१), हलन्त (०९४डी), य. दुसरा: साधा र (०९३०), हलन्त, मग न दिसणारा जोडक, ज्याला ऑफिसात सगळे झेडडब्ल्यूजे म्हणतात (२००डी), मग य. तिसरा: साधा र, खाली नुक्ता (०९३सी), हलन्त, य. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. द आणि काना धरून पहिल्यात पाच खुणा, बाकी दोघांत सहा-सहा, आणि ते सहाही एकमेकांशी जुळत नाहीत. वापरणाऱ्याने एका कीबोर्डवर शब्द टाइप केला, मजकूर दुसऱ्या कीबोर्डवरून आला, की स्टर प्रामाणिकपणे नल देतं. आणि समोर तर शब्द दिसतोय!

इथे हुशार माणसं दोन गोष्टी सुचवतात. एक म्हणजे नॉर्मलायझेशन. ते सीच्या मानक लायब्ररीत नाहीच, त्यासाठी आयसीयूसारखी बाहेरची लायब्ररी घ्यावी लागते. घेतलीस तरी तिचं एनएफसी रूप तिसरा प्रकार पहिल्यात आणतं आणि दुसऱ्याला हातही लावत नाही. दुसरी सूचना असते की झेडडब्ल्यूजे दिसत तर नाही, सगळीकडून काढून टाक. ही फार धोक्याची. दुसऱ्या प्रकारातून जोडक काढलास की उरतं र, हलन्त, य, म्हणजे रफार. दऱ्याची झाली दर्या. डोंगर शोधणाऱ्याला समुद्र मिळाला! 'आचाऱ्यास बोलावले' आणि 'आचार्यास बोलावले' या दोन वाक्यांत एक जण स्वयंपाकाला येतो आणि दुसरा प्रवचनाला, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. मराठी न वाचणाऱ्या माणसाला हे सुचणं शक्य नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा. शोधायच्या आधी मजकूर आणि शब्द दोन्हींची एक सरळ केलेली प्रत काढ. आधी र आणि नुक्ता मिळून ऱ कर. मग र, हलन्त, जोडक हे तीन एकत्र दिसले की त्यांचं ऱ, हलन्त कर. हे झाल्यावरच उरलेले जोडक आणि त्याचा भाऊ २००सी काढून टाक. मग स्टर चालव. अडचण एकच राहते: स्टर जो पत्ता देईल तो प्रतीतला असेल, आणि तुला पिवळा रंग मूळ मजकुरात भरायचा आहे. प्रत काढतानाच शेजारी पूर्णांकांची एक रांग ठेव. प्रतीतली प्रत्येक खूण मूळ मजकुरात कितव्या जागी होती, ते तिच्यात लिहीत जा. हे नंतर करू म्हणशील तर ते कधीच होणार नाही.

तसाच त्रास ॲचा. 'ॲप'मधला ॲ यू+०९७२ हा युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आला. देवनागरीचा तक्ता मात्र १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. मधल्या काळात लोकांनी काय केलं? साधा अ टाइप करून त्यावर चंद्र ठेवला. काहींनी हिंदीसाठी असलेला ऍ वापरला. आजही जुन्या फाइलींत आणि नव्या मेसेजमध्ये तिन्ही सुखाने नांदतात. युनिकोडच्या नियमांनी ते एकमेकांचे समान नाहीत, त्यामुळे एनएफसी इथे काहीच करत नाही. तुझ्या प्रतीतच तिन्हींचं एक कर. आ वर चंद्र देऊन केलेला ऑ सापडला तर त्यालाही ओळीत आण.

आणि हो, तुझ्या त्या कडक तपासाबद्दल बोलायचं राहिलं. पुढे काना-वेलांटी आली की शब्द सोडून द्यायचा, हे तू ठरवलंस. 'वर' शोधताना त्याचा उपयोग दिसतो: 'वर्ष' गळतं, कारण पुढे हलन्त आहे. 'स्वर' मात्र तुझ्या तपासातून निसटतो. तिथे हलन्त मागे आहे, म्हणून मागची खूणही बघायला हवी. (सापडलेली जागा स्ट्रिंगची सुरुवातच असेल तर मागे बघू नकोस, ती जमीन तुझी नाही.) पण आता 'घर' शोध. 'घरात', 'घरी', 'घराला' सगळे गळाले! मराठी माणसाला 'घर' शोधताना 'घरात' हवं असतं आणि 'वर' शोधताना 'वरात' नको असते, आणि खुणांच्या पातळीवर दोन्ही सारखेच आहेत. हे स्टरकडून कधीच सुटणार नाही.

मी काय करते सांगते. शोधताना सैल राहायचं, बदलताना कडक. शोधात दोन-चार नको ते शब्द आले तर माणूस नजरेने वगळतो. पण 'शोधा आणि बदला' करताना 'कर'च्या जागी दुसरं काही घातलंस आणि ते 'कर्ज'च्या मधोमध गेलं, तर कागदपत्रं बिघडतात. त्यामुळे बदलताना मागच्या-पुढच्या दोन्ही बाजू तपासल्याशिवाय हात लावायचा नाही. सामान्यरूपाचं तर वेगळंच. 'पुणे' शोधून 'पुण्यात' मिळणार नाही. 'पुण' शोधलंस तर पुणे, पुण्यात, पुणेकर मिळतील, सोबत निपुणही येईल. शब्दाच्या सुरुवातीलाच जुळणी धरायची असा तपास ठेवलास की निपुण जाईल. आणि तुझ्याच शहराचं घे. इंग्रजीतलं नाव १ नोव्हेंबर २०१४ रोजी सरकारी कागदावर बदललं. मराठीत मात्र बेंगळुरू, बंगळुरू, बंगळूर, बंगलोर असं जो तो आपल्या मनाने लिहितो. तिथे एका शब्दाने भागत नाही. चारी रूपांची रांग कर आणि एकेकाला स्टर लाव.

फाइल वाचण्याचं पटकन सांगते. स्टर, चर यांना लोकेल लागत नाही. पण एफगेट-डब्ल्यूएसने फाइल वाचायला लागतं. प्रोग्रामच्या सुरुवातीला सेटलोकेल बोलावलं नाहीस तर देवनागरी मजकूर नीट वाचला जात नाही. बोलावलंस तरी सर्व्हरच्या कंटेनरमध्ये बऱ्याचदा लोकेलच ठेवलेलं नसतं. तुझ्या लॅपटॉपवर चालतं, तिथे नाही, याचं कारण बहुतेक हेच निघेल. तिथे सी.यूटीएफ-८ मागून बघ. आणि एकाच आउटपुटवर प्रिंटएफ आणि डब्ल्यू-प्रिंटएफ मिसळू नकोस. जे आधी चाललं त्याचा तो प्रवाह होतो, दुसऱ्याचं छापलं जात नाही आणि तू वेड्यासारखी शोध लागला नाही म्हणून रडत बसशील. तुकडे करायला डब्ल्यूसीएस-टोक वापरशील तर ते मूळ स्ट्रिंग बदलतं हे लक्षात ठेव, आणि मानकातल्या वाइड टोकला तिसरा पॉइंटरही द्यावा लागतो.

विंडोजवर तुमचं उत्पादन जाणार असेल तर एक गोष्ट आजच विचारून घे: मोडी लागणार आहे का? हसू नकोस. तुझं हे शहर शहाजीराजांची जहागीर होतं. त्यांचे पुत्र व्यंकोजी इकडूनच पुढे तंजावरला गेले, आणि तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे ढीग आहेत. ते कोणी टाइप करून शोधायला घेतले की पंचाईत होते. मोडी युनिकोडमध्ये २०१४ साली, ७.० आवृत्तीत आली, आणि तिची जागा यू+११६०० पासून आहे. विंडोजचं वाइड कॅरॅक्टर १६ बिटांचं. त्यात देवनागरी मावते, कन्नड मावते, मोडी मावत नाही. एका मोडी अक्षराचे तिथे दोन तुकडे होतात, आणि चर तर एका वेळी एकच तुकडा शोधू शकतं. तिथे एका अक्षरासाठीसुद्धा स्टरच वापरावं लागतं. लिनक्सवर ३२ बिट असल्याने हा प्रश्न येत नाही, म्हणून बहुतेकांना तो ठाऊकच नसतो.

टेस्ट फाइल मात्र तूच लिही, दुसऱ्या कुणाला लिहू देऊ नकोस. तिच्यात दर्या-दऱ्या आणि आचार्यास-आचाऱ्यास तिन्ही प्रकारांनी घाल, ॲप तीन तऱ्हांनी घाल, घरात आणि वरात शेजारी ठेव, एक ओळ अशी ठेव की शोधायचा शब्द तिच्या टोकाला आहे, आणि एक शोध रिकामा ठेव. प्रत्येकासमोर अपेक्षित उत्तर लिही आणि ते का, हे एका ओळीत इंग्रजीत लिही. मराठी न येणाऱ्या लीडलाही ते वाचता आलं पाहिजे. पुढच्या वेळी 'चालत नाही' म्हणणाऱ्याने ओळीचा क्रमांक सांगावा.

आणि तुझ्या शेजारच्या खुर्चीवरची ती कन्नड मुलगी, जिच्याशी तू अजून कॉफीपलीकडे बोलली नाहीस, तिला हे दाखव. देवनागरी आणि कन्नड दोन्ही तक्ते आपल्याकडच्या १९८८ च्या इस्की या संकेतावलीवरून आखलेले आहेत. आपला क ०९१५ वर, तिचा ०सी९५ वर, गटातली जागा तीच. तिच्याकडेही र चा हाच घोळ आहे: 'रँक'सारखा शब्द कन्नडमध्ये लिहिताना अर्कावत्तू (त्यांचा रफार) होऊ नये म्हणून जोडक घालावाच लागतो. फरक एवढाच की आपला जोडक हलन्तानंतर येतो आणि तिचा हलन्ताच्या आधी. तुझी प्रत काढायची पद्धत कन्नड मजकुरावर जशीच्या तशी चालवलीस तर तिचे शब्द बिघडतील. लिपीप्रमाणे नियम वेगळे ठेव आणि कन्नडचे नियम तिच्याकडूनच लिहून घे.